आसऱ्याची खाडी आणि दोराची लांबी
(रेडिओवरील भाषण)



कोल्हापूर जिल्ह्यातल्या बिद्रीहून मुदाळ तिट्ट्याला आले की देवगड-निपाणी रस्ता लागतो. राधानगरी, दाजीपूर, मग फोंडा घाटाची उतरण, आणि पुढे देवगडचा समुद्र. बिद्रीकडची उसाची माणसे तिथे जातात ती किल्ला पाहायला, दीपगृह पाहायला, हंगामात हापूस आणायला. किल्ल्याच्या आडोशाचे बंदर मात्र थांबून पाहणारे थोडेच. तोंड अरुंद, आत पाणी शांत. वादळात बोटींना आसरा देणाऱ्या कोकणातल्या मोजक्या जागांत या बंदराचे नाव वरचे आहे.

डिसेंबर २०१७ मध्ये ओखी वादळाने अरबी समुद्र खवळला, तेव्हा केरळच्या ६६ आणि तमिळनाडूच्या २ बोटी ९५२ मच्छीमारांना घेऊन सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला सुखरूप लागल्या. ऑक्टोबर २०१९ मध्ये क्यार वादळात गुजरात आणि कर्नाटकच्या बोटींनी देवगडचा आसरा घेतला.

पण आसऱ्याला पोचले म्हणजे बोट वाचली, असे होत नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्यालगत वर सरकले आणि देवगडच्या आनंदवाडी बंदरात नांगरलेल्या दोन बोटी बुडाल्या. त्यांवर सात खलाशी होते. त्यांतले काही परतले नाहीत. ही माणसे भर समुद्रात नव्हती, बंदरात होती. म्हणूनच ती घटना विसरता येत नाही.

बोट नांगरावर टिकते कशी, हे यासाठी नीट समजून घ्यायला हवे. शिडाची मध्यम यॉट सहा-सात टनांची असते आणि तिचा नांगर पंधरा-वीस किलोंचा. एवढे वजन तिला रोखू शकत नाही. नांगर तळात रुततो आणि मग धरतो; रुततो तोही ओढ आडवी बसली तरच. दोर आखूड असला की लाटेसरशी नाळ, म्हणजे बोटीचे पुढचे टोक, वर उचलली जाते, नांगराला वरून हिसका बसतो आणि तो उपटून येतो. म्हणून साखळी असेल तर पाण्याच्या खोलीच्या निदान पाचपट, दोर असेल तर सातपट सोडावा, आणि दोराच्या नांगराकडच्या टोकाला काही मीटर साखळी असावीच. तिच्या वजनाने ओढ तळालगत राहते.

खोली मोजताना घाई करणारे फसतात. ओहोटीला चार मीटर पाणी असेल, भरतीला ते दोन मीटर चढणार असेल आणि नाळ पाण्यापासून एक मीटर उंच असेल, तर हिशेब सात मीटरचा धरायचा. म्हणजे साखळी ३५ मीटर, दोर जवळजवळ ५० मीटर. चार मीटरवर हिशेब केलेली बोट दुपारी ठीक उभी असते आणि रात्रीच्या भरतीला सरकू लागते.

इंग्लंडचे शास्त्रज्ञ जॉफ्री टेलर हे स्वतः शिडाच्या बोटीचे शौकीन. त्यांनी १९३३ मध्ये सीक्यूआर नावाचा नांगर तयार केला. त्याचे पाते शेतातल्या फाळासारखे आहे, ओढावे तसे ते खोल शिरते. चिखल आणि घट्ट वाळू त्याला मानवतात. मालवणसारख्या खडकाळ तळावर मात्र कोणताही नांगर नीट रुतत नाही, उलट कपारीत अडकून बसतो. तिथे नांगराच्या डोक्याला वेगळी दोरी बांधून तिला तरंगता बोया लावतात, म्हणजे अडकलेला नांगर उलट्या बाजूने ओढून सोडवता येतो.

नांगर टाकताना नाळ वाऱ्याकडे ठेवायची, बोट थांबू द्यायची, नांगर भिरकावायचा नाही, हळूहळू तळाला लावायचा. बोट मागे सरकेल तसा दोर सोडत जायचे आणि शेवटी इंजिन हलके उलटे चालवून तो रुतला का ते पाहायचे. मग किनाऱ्यावर एकामागे एक येणाऱ्या दोन खुणा हेरायच्या, पुढे बुरुज आणि मागे माड, अशा. तशी एक जोडी समोर आणि एक बाजूला. बोट नांगराभोवती थोडी झुलणारच. पण खुणांची रेष एकाच दिशेने फुटत चालली, तर नांगर ओढला जातो आहे. नांगरलेल्या बोटीवर रात्री चहूकडून दिसणारा पांढरा दिवा आणि दिवसा काळा गोळा, हा आंतरराष्ट्रीय नियम आहे.

खाडीत भरती-ओहोटीबरोबर पाण्याचा ओघ फिरतो. दुपारचे खारे वारे जाऊन रात्री मतलई सुटतात. बोट त्याप्रमाणे गोल फिरते, तेव्हा शेजारच्या बोटीपासून अंतर लागते. अंतर नसले की काय होते, ते विजयदुर्गाने पाहिले आहे. देवगडच्या उत्तरेला, वाघोटन खाडीच्या मुखाशी विजयदुर्ग आहे. मोठ्या जहाजांनाही पावसाळ्यात आसरा देणारे बंदर म्हणून जुन्या गॅझेटियरने त्याची वाखाणणी केली आहे. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह तिथे चालून आले, तेव्हा किल्ल्याचे धनी तुळाजी आंग्रे यांची गलबते किल्ल्यालगत एकमेकांना बांधून उभी होती. पूर्वी इंग्रजांकडून पकडलेल्या ‘रेस्टोरेशन’ जहाजाला आग लागली आणि एकावरून दुसऱ्यावर जात सारे आरमार जळाले.  गलबते सुटी असती तर सगळी वाचली असती असे नाही. पण एका ठिणगीत सगळी गेली नसती.

तौक्तेतच मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात पी-३०५ या बार्जचे नांगर निकामी झाले आणि १७ मे २०२१ रोजी ती बुडाली. ती आणि ‘वरप्रदा’ ही टग मिळून ८६ जणांचे प्राण गेले. एवढ्या वादळापुढे कोणत्याही नांगराची हमी देता येत नाही.

बोटमालकांना म्हणूनच विनंती आहे. इशारा आला की दोर वाढवा, दुसरा नांगर टाका, दोर घासतो तिथे गोणपाट गुंडाळा आणि वारा चढण्याआधी सर्व माणसांना किनाऱ्यावर आणा. बोट राखायला खलाशांना रात्रभर तिच्यावर ठेवण्याची सवय मालकांनी आणि बंदर खात्याने मिळून मोडून काढावी.