लहान सुतारखान्यासाठी राउटर टेबल : निवडीच्या चार कसोट्या

(सुतार कारागीर व लघुउद्योजकांच्या प्रशिक्षण वर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



रंधा, पटाशी आणि गुण्या यांच्या जोरावर आपल्या वाडवडिलांनी वाड्यांचे दरवाजे घडविले, देव्हारे घडविले. खोबण पाडायची तर खोबणीचा रंधा आणि कडेला नक्षी काढायची तर नक्षीचा रंधा, अशी त्यांची कामाची रीत होती. ही सारी कामे आज राउटर नावाचे एकच विजेचे यंत्र करते. आपल्यापैकी बहुतेकांपाशी ते आहे आणि आपण ते हातात धरून लाकडावर फिरवितो. परंतु तेच यंत्र टेबलाखाली उलटे टांगले, त्याचे पाते टेबलाच्या छिद्रातून वर काढले आणि यंत्राऐवजी लाकूड सरकविले, तर कामाचे स्वरूपच पालटते. अरुंद पट्ट्या, लहान तुकडे, एकसारख्या मापाचे शंभर नग ही कामे हातातल्या राउटरने कष्टाने होतात. टेबलावर ती सहज आणि एका मापात होतात.

म्हणूनच लहान कारखानदाराच्या मनात आज राउटर टेबल घेण्याचा विचार येतो. दुकानात गेल्यावर मात्र तो गोंधळतो. चकचकीत ॲल्युमिनियम, रंगीत मुठी, खालून फिरवायचा जॅक, सूक्ष्म मापांच्या पट्ट्या हे सारे मोहक असते. यांपैकी कशासाठी पैसे मोजावेत आणि कशावाचून चालेल, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. माझे सांगणे थोडक्यात असे, की टेबल विकत घेताना आपण सपाटपणा, सरळपणा आणि सुरक्षितता विकत घेत असतो. या तीन गोष्टी असतील तर टेबल उत्तम. त्या नसतील, तर बाकीची सारी आभूषणे व्यर्थ होत.

पहिली कसोटी : पृष्ठभागाचा सपाटपणा

टेबलाचा पृष्ठभाग मधोमध खोलगट असला तर काय होते, हे एका उदाहरणाने पाहू. आपण कपाटाचे पॅनेलचे दार करीत आहोत असे समजा. दाराची उभी पट्टी लांब असते, आडवी पट्टी आखूड असते. दोन्हींच्या कडेला एकाच खोलीवर खोबण पाडावयाची आहे. लांब पट्टी खोलगट भागावरून पुलासारखी जाते, त्यामुळे पाते तिच्यात कमी शिरते. आखूड पट्टी त्याच खोलगट भागात उतरते आणि पाते तिच्यात अधिक शिरते. मग सांधा जुळविताना दोन पट्ट्यांची तोंडे एका पातळीत येत नाहीत. दोष कारागिराच्या हातात नसतो, टेबलात असतो. परंतु घासून सारखे करण्याची मजुरी मात्र कारागिरालाच सोसावी लागते. काम बल्लारपूर-आलापल्लीच्या महागड्या सागाचे असेल, तर वाया गेलेला प्रत्येक तुकडा अधिकच जिव्हारी लागतो.

ही तपासणी दुकानातच करता येते. सोबत ६० सेंटिमीटर लांबीची पोलादी पट्टी न्यावी. ती पृष्ठभागावर उभी धरून लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर ठेवावी. खालून प्रकाश दिसतो का ते पाहावे. स्कूटरच्या कारागिराजवळ फीलर गेज असते, ते मिळाल्यास उत्तम. नाही तर नेहमीच्या छपाईच्या कागदाची पट्टी वापरावी. अशा कागदाची जाडी साधारण ०.१ मिलिमीटर असते. पाते जेथून वर येते त्या भागात एका कागदाहून अधिक फट नसावी आणि सबंध पृष्ठभागावर तीन कागदांहून अधिक नसावी, असा व्यवहारी नियम धरावा. राउटर टांगलेला नसताना आणि टांगलेला असताना अशी दोन वेळा तपासणी करावी. मोठ्या राउटरचे वजन पाच-सहा किलोग्रॅम असते आणि दुबळा पृष्ठभाग त्या भाराने खाली बसतो.

पृष्ठभाग कशाचा असावा? बिडाचा पृष्ठभाग जड, निश्चल आणि टिकाऊ असतो. परंतु कोकणासारख्या दमट हवेत त्यावर गंज चढतो. त्याला मेण लावण्याची शिस्त पाळावी लागते. बेकलाइटच्या जाड शीटला पाण्याची बाधा फारशी होत नाही. एमडीएफचा पृष्ठभाग स्वस्त आणि प्रारंभी अतिशय सपाट असतो, पण उघड्या कडेतून ओल शिरली की तो फुगतो. एमडीएफचे टेबल घेताना सनमायका वर आणि खाली अशा दोन्ही बाजूंनी लावलेला आहे आणि चारही कडा बंद केलेल्या आहेत, याची खात्री करून घ्यावी. एकाच बाजूला सनमायका लावलेला पृष्ठभाग पावसाळ्यात वाकण्याची भीती असते.

राउटर ज्या चौकोनी प्लेटवर बसतो ती प्लेटही तितकीच महत्त्वाची आहे. तिच्या खाली पातळी जुळविण्याचे स्क्रू असावेत आणि छिद्राच्या आकाराच्या निरनिराळ्या कड्या सोबत मिळाव्यात. लहान पात्यासाठी मोठे छिद्र उघडे ठेवले, तर आखूड लाकडाचे टोक त्यात घसरते आणि काम बिघडते, क्वचित हातही.

दुसरी कसोटी : आधारपट्टी म्हणजे फेन्स

ज्या पट्टीला टेकवून लाकूड सरकवितात, तिला आपण फेन्स म्हणतो. ती सरळ असावी आणि पृष्ठभागाशी बरोबर काटकोनात उभी राहावी. दुकानात गुण्या लावून हे तीन ठिकाणी तपासावे. फेन्स आवळल्यानंतर हाताने जोर देऊन पाहावा. ती किंचितही हलता कामा नये.

येथे एक बचतीची गोष्ट सांगतो. करवतीच्या टेबलावर फेन्स पात्याशी समांतर असावी लागते, कारण ते पाते सपाट असते. राउटरचे पाते गोल फिरते, त्यामुळे साध्या कडेच्या कामात फेन्स कोणत्या दिशेने उभी आहे याला महत्त्व नसते. पात्यापासून तिचे अंतर तेवढे महत्त्वाचे. फेन्सचे एक टोक पक्के ठेवून दुसरे टोक सरकविले तरी माप जुळविता येते. पाते मधोमध असेल, तर मोकळे टोक १ मिलिमीटर सरकविल्यास पात्यापाशी सुमारे अर्धा मिलिमीटर फरक पडतो. याचा अर्थ सूक्ष्म मापाच्या खर्चिक जोडणीवाचूनही अचूक काम होऊ शकते. मात्र खाचेत बसणारी आडवी गाडी फेन्सच्या जोडीने वापरावयाची असेल, तर फेन्स त्या खाचेशी समांतर लावावीच लागते.

फेन्सच्या मागे भुसा ओढून नेणाऱ्या नळीसाठी तोंड असावे. ही चैनीची वस्तू मानू नये. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात लाकडाच्या धुळीची गणना माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या द्रव्यांत केली आहे. राउटरची धूळ करवतीच्या भुशापेक्षा बारीक असते आणि ती हवेत दीर्घकाळ तरंगते. नळीची सोय आणि तोंडावर मास्क या दोन्ही गोष्टी हव्यात.

तिसरी कसोटी : राउटर आणि टेबल यांचा मेळ

टेबल उत्तम, पण आपला राउटर त्यावर बसत नाही, असा प्रसंग अनेकांवर येतो. प्लेटची भोके आपल्या राउटरच्या बैठकीशी जुळतात का, हे राउटर सोबत नेऊनच पाहावे. दाराच्या पॅनेलची मोठी पाती वापरावयाची असतील, तर १,६०० वॅट किंवा अधिक शक्तीचा, वेग कमी-जास्त करता येणारा राउटर हवा.

वेगाचा विचार मी मुद्दाम विस्ताराने करतो. १२ मिलिमीटर व्यासाचे पाते मिनिटाला २२,००० फेरे घेते, तेव्हा त्याची धार ताशी सुमारे ५० किलोमीटर वेगाने धावते. ७५ मिलिमीटर व्यासाचे पाते त्याच फेऱ्यांवर चालविले, तर धारेचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या वर जातो. फेरे १०,००० वर आणले की तो सुमारे १४० वर येतो. मोठ्या पात्यासाठी वेग कमी करणे ही यंत्राची नव्हे, जिवाची काळजी आहे. पात्यावर कमाल वेग छापलेला असतो. तो ओलांडू नये. ज्या राउटरला वेग बदलण्याची सोय नाही, त्यावर मोठे पाते लावूच नये.

पात्याचा दांडा ज्यात आवळला जातो त्या कॉलेटच्या मापाकडेही लक्ष द्यावे. आपल्या बाजारात १२ मिलिमीटर आणि अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर, अशी दोन्ही मापे शेजारी शेजारी विकली जातात. तीच गोष्ट ६ मिलिमीटर आणि पाव इंचाची. अर्ध्या इंचाच्या कॉलेटमध्ये १२ मिलिमीटरचा दांडा आवळल्यासारखा वाटतो, परंतु तो पक्का धरला जात नाही आणि काम चालू असता निसटू शकतो. माप दांड्यावर वाचून मगच पाते विकत घ्यावे.

चौथी कसोटी : वीज आणि सुरक्षितता

टेबलाखालील राउटरचे बटण हातास येत नाही. म्हणून कारागीर ते 'चालू' स्थितीत अडकवून ठेवतात आणि भिंतीवरच्या बटणाने यंत्र चालवितात. आता वीज गेली अशी कल्पना करा. यंत्र थांबते. कारागीर पाते बदलावयास हात घालतो आणि त्याच क्षणी वीज परत येते. वीज केव्हा जाईल आणि केव्हा येईल याचा नेम नसलेल्या ठिकाणी हा धोका काल्पनिक नाही. यावर उपाय म्हणजे नो-व्होल्ट स्विच. वीज गेली की हा स्विच आपोआप सुटतो आणि पुन्हा हिरवे बटण दाबल्यावाचून यंत्र सुरू होत नाही. तो टेबलाच्या पुढच्या बाजूस असावा आणि त्याचे लाल बटण मोठे, गुडघ्यानेही दाबता येईल असे असावे. ज्या टेबलाला हा स्विच नाही, ते कितीही स्वस्त मिळाले तरी हा स्विच बसविल्यावाचून चालवू नये. स्विच असला तरी पाते बदलताना प्लग काढण्याची सवय सोडू नये.

१,६०० वॅटचा राउटर २३० व्होल्टवर सुमारे ७ अँपियर वीज घेतो. त्यास १६ अँपियरचा सॉकेट, योग्य अर्थिंग आणि ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी यांची जोड द्यावी.

टेबलावर लाकूड उजवीकडून डावीकडे सरकवावे, म्हणजे पात्याच्या फिरण्याच्या विरुद्ध. उलट दिशेने सरकविल्यास पाते लाकूड हिसकावून घेते आणि त्याबरोबर हातही ओढला जातो. पाते आणि फेन्स यांच्या मधल्या फटीतून लाकूड कधीही घालू नये. हातमोजे, सैल बाही, हातातील कडे यांना यंत्रापाशी स्थान नाही. लहान तुकडा ढकलावयाचा तो लाकडी ठोकळ्याने, बोटांनी नव्हे. कारागिराची दहा बोटे हेच त्याचे खरे भांडवल असते आणि त्यावर कोणतीही बँक दुसऱ्यांदा कर्ज देत नाही.

पैशाचा क्रम

भांडवल तुटपुंजे असेल, तर खर्चाचा क्रम असा ठेवावा : प्रथम स्विच आणि सपाट पृष्ठभाग, त्यानंतर चांगली प्लेट, नंतर सरळ फेन्स व भुशाची नळी, आणि सर्वांत शेवटी पाते वर-खाली करण्याचा जॅक. जॅकमुळे वेळ वाचतो, हे खरे. पण त्याने वाकडे टेबल सरळ होत नाही.

आपण सुतार आहोत, हे विसरू नये. १८ मिलिमीटरचे दोन थर चिकटवून, दोन्ही बाजूंना सनमायका लावून, खाली उभ्या पट्ट्यांचा आधार देऊन आणि कडा बंद करून उत्तम पृष्ठभाग आपल्याच कारखान्यात तयार होतो. प्लेट आणि स्विच तेवढे विकत आणावेत. त्या टेबलालाही वर सांगितलेल्या कसोट्या तितक्याच काटेकोरपणे लावाव्यात.

अर्थसाहाय्याचा मार्गही आहे. केंद्र शासनाने १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू केलेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा पारंपरिक व्यवसायांचा समावेश केला गेला आणि त्यात सुतारकाम आहे. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य, तसेच प्रथम १ लाख आणि नंतर २ लाख रुपयांपर्यंत विनातारण कर्ज ५ टक्के व्याजाने, अशी या योजनेची रचना करण्यात आली. अर्ज करण्यापूर्वी त्या वेळच्या अटी सामायिक सुविधा केंद्रात विचारून घ्याव्यात.

पैसे देण्यापूर्वी एक अखेरची परीक्षा घ्यावी. एकाच जाडीच्या दोन पट्ट्या, एक ६० सेंटिमीटरची आणि एक २० सेंटिमीटरची, टेबलावरून फिरवून खोबण पाडावी. व्हर्नियरने खोबणीची खोली टोकाला आणि मध्ये मोजावी. फरक ०.२ मिलिमीटरच्या आत असेल, तर ते टेबल घेण्याजोगे आहे. दुकानदार ही परीक्षा घेऊ देत नसेल, तर पाकीट खिशातच ठेवून दुसरे दुकान गाठावे.

मोठ्या कारखान्यांतील संगणकचालित यंत्रांशी आपण वेगाने स्पर्धा करू शकणार नाही. सांध्याची सफाई आणि ग्राहकाचा विश्वास या बळावर मात्र आपण निश्चित उभे राहू शकतो. पारखून घेतलेले टेबल त्या कामी आपल्याला वर्षानुवर्षे साथ देईल. आपणा सर्वांच्या हातून उत्तम काम घडो आणि ते हात सुरक्षित राहोत, अशी सदिच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.