ज्याची नदी एकच
(आकुर्डीच्या बैठकीत केलेले भाषण)

डोंगरातल्या गावांतून येऊन इथं कंपनीत, बांधकामावर राबणाऱ्या सगळ्या भावाबहिणींना जोहार!

आज आम्ही एका माशाबद्दल बोलणार आहोत. हसू नका. मासा बोटापेक्षा लहान आहे. सावंतवाडी तालुक्यात आंबोलीला हिरण्यकेशी नदी उगम पावते. तिथल्या देवळाच्या कुंडात तो सापडला. २०२० साली अभ्यासकांनी नवी जात म्हणून त्याची नोंद केली आणि नदीचंच नाव दिलं : शिस्टुरा हिरण्यकेशी. मासेमारीने ही जात संपू नये म्हणून २०२१ मध्ये सरकारने तिथली २.११ हेक्टर जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली.

चांगलं झालं. पण बघा, आधी नोंद झाली, मग संरक्षण आलं. आपल्या ओढ्यातल्या, डोहातल्या माशांची नोंद कुठंय? कोणत्या दगडाखाली कोणता मासा, वलगणीचे मासे कधी चढतात, म्हाताऱ्या माणसांना सगळं तोंडपाठ आहे. कागदावर एक ओळ नाही.

वनहक्क कायदा २००६ च्या कलम ३ मध्ये मासे आणि पाणवठ्यातल्या इतर उत्पन्नावर गावाचा सामूहिक हक्क लिहिलेला आहे. आपण प्लॉटचे दावे भरतो आणि हा हक्क तसाच सोडून देतो. उद्या बाहेरचा कुणी येऊन आपला मासा शोधील आणि नियमही तोच करील. मग आपण कुणाकडं जायचं?

हक्क मागायचा तर जबाबदारीही घ्यायची. पाण्याचे स्रोत राखायचा अधिकार कलम ५ ग्रामसभेला देतं. आपलीच पोरं डोहात ब्लीचिंग पावडर टाकतात, त्यात पिल्लंसुद्धा मरतात. हे बंद ग्रामसभेनंच केलं पाहिजे.

इथं जवळून पवना वाहते. वर मावळात तिचं पाणी ओंजळीनं पितात, इथं त्यात हात घालवत नाही. ज्याची नदी एकच, त्याला दुसरीकडं जाता येत नाही. माशाला नाही, आपल्यालाही नाही.

म्हणून सुट्टीला गावी जाल तेव्हा एक वही न्या. जाणत्या माणसांजवळ बसा. डोहांची नावं, माशांची नावं, पकडायचा हंगाम लिहून घ्या. वडीलधाऱ्यांचं लेखी निवेदन दाव्यात पुरावा म्हणून चालतं. ते ग्रामसभेत वाचा आणि सामूहिक दाव्याला जोडा.

जोहार! जिंदाबाद!