काळ्या गाडीवरचे ओरखडे

मंडळी, मी महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि आज बोलणार आहे मोटारीच्या रंगाविषयी. हा अधिकार यांना कोणी दिला, असे आपण विचाराल. स्वतःच्या हाताने स्वतःचीच गाडी बिघडवली, त्या अनुभवाने दिला, एवढेच माझे उत्तर आहे.

आमचे मलकापूर कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावर, आंबा घाटाच्या अलीकडे. पावसाळ्यात इथे पाऊस कसा कोसळतो आणि लाल चिखल कुठवर उडतो, ते या रस्त्याने जाणाऱ्यांना सांगायला नको. तीन वर्षांपूर्वी मी एक जुनी काळी गाडी घेतली. पावसाच्या दिवसांत ती कशी लखलखत असे! पण ऑक्टोबरचे ऊन पडले आणि धुतलेल्या बॉनेटवर पाहतो तो काय, सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याने जाळे विणावे तशा बारीक गोल रेघा! मी गाडी धुणाऱ्या पोराला चार शब्द सुनावले. त्याने ते मुकाट्याने ऐकून घेतले.

संध्याकाळी घरात हाच विषय निघाला. सौभाग्यवतींनी मांडणीवरची स्टीलची थाळी काढून दिव्याखाली धरली. "अहो, हे बघा. चोथ्याने घासून घासून अश्शाच रेघा पडतात. गाडी रोज पुसतं कोण?" पुसत होतो मीच! रोज सकाळी, चहाच्या आधी, कोरड्या फडक्याने, अगदी मायेने.

पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या आमच्या एका सहकाऱ्यांनी पुढची उकल केली. रेघा मुळात गोल नसतातच. त्या सर्व दिशांना आडव्यातिडव्या पडलेल्या असतात. त्यांपैकी ज्या दिव्याभोवती आडव्या येतात, तेवढ्याच आपल्या डोळ्यांकडे प्रकाश परतवतात, म्हणून वर्तुळांचा भास होतो. पांढऱ्या गाडीवरही त्या असतातच. पण पांढऱ्यात पांढरे लपून जाते. काळा रंग स्वतः प्रकाश परत देत नाही, म्हणून त्यावर प्रत्येक चरा उठून दिसतो. काळी गाडी लवकर खराब होते असे नाही, ती खोटे बोलत नाही इतकेच.

आता चरे पडतात कशाने? धुळीने. धुळीत गारेचे कण असतात. गारगोटी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे भुदरगडातले गाव येते. पण इथे ती खरीखुरी गारगोटी, जी काचेवरही ओरखडा काढते. कोरडे फडके फिरवले की हे कण रंगावरून फरफटत जातात. म्हणजे आपण पुसत नसतो, घासत असतो.

आजच्या मोटारीला बहुधा तळाशी प्रायमर, त्यावर रंग आणि सर्वांत वर पारदर्शक थर असतो. हा वरचा थर साधारण 35 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे एका मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतका किंवा त्याहूनही कमी. आपल्या डोक्याचा केस बहुधा याहून जाड निघेल! उन्हापासून रंग राखणारी द्रव्येही याच थरात असतात. बारीक ओरखडे काढायचे म्हणजे ओरखड्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा थर झिजवून सपाट करायचा. ओरखडा भरून येत नसतो, सभोवतालची जमीन खाली येते. गेलेला थर पुन्हा येत नाही.

हे मला ठाऊक नव्हते. बॉनेटच्या कडेवर एक खोल चरा होता. मी वॉटर पेपर आणला, नेटाने घासला, वर कंपाऊंड चोळले. चरा जाईना, तसा जोर वाढवला. फडक्याला काळा रंग लागला, तेव्हा मनात चर्र झाले. पारदर्शक थर संपून मी रंगालाच हात घातला होता. कडेला थर पातळ असतो, हे मागाहून समजले. रुपयाएवढा तो निस्तेज डाग आजही तिथे आहे.

म्हणून आधी परीक्षा करावी. चऱ्यावरून हलकेच नख फिरवा. नख अडकले, तर तो चरा घासून काढायच्या नादी लागू नका. पाण्याचा थेंब लावल्यावर चरा दिसेनासा झाला, तर तो उथळ आहे असे समजावे. मग गाडी सावलीत नेऊन गार होऊ द्यावी. भरपूर पाणी ओतून सुटी धूळ आधी वाहू द्यावी. दोन बादल्या घ्याव्यात: एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत फडके खळबळायला साधे पाणी. टपापासून खाली धूत यावे आणि मायक्रोफायबरच्या स्वच्छ फडक्याने टिपून घ्यावे. कडांना आणि रबरांना कागदी चिकटपट्टी लावावी. मग वीतभर जागेवर सर्वांत सौम्य पॉलिश मऊ फोमने, बेताच्या दाबाने चोळून, पुसून, टॉर्चच्या उजेडात पाहावे. तेवढ्याने भागले, तर कडक कंपाऊंडची बाटली उघडूच नये. हाताने सगळी जाळी जात नाही. निम्मी गेली तरी समाधान मानावे. फडके जमिनीवर पडले, तर ते धुतल्याशिवाय पुन्हा गाडीला लावू नये. शेवटी मेणाचा पातळ हात द्यावा.

खोबरेल लावले की ओरखडे जातात, असे काही जण सांगतात. ते जात नाहीत. तेल चऱ्यांत भरते, प्रकाश विखुरत नाही, आणि पुढच्या धुण्याला सारे परत उघडे पडते. दंतमंजनाची पेस्टही नको. तिच्यातले कण दातांसाठी असतात, रंगासाठी नाहीत.

खंडेनवमीला आपण गाडीची पूजा करतो. हळदकुंकू वाहतो, झेंडूची माळ घालतो. अवश्य घालावी, पण माळेची तार रंगाला घासू देऊ नये, आणि दुसऱ्या दिवशी कुंकू कोरड्या फडक्याने खरवडण्याऐवजी पाण्याने वाहू द्यावे.

त्या पोराची मी माफी मागितली. आता तो धुतो आणि मी पाणी ओततो. सकाळचा चहा मी आधी घेतो; फडके खुंटीलाच असते. कोरडी धूळ दोन दिवस गाडीवर दिसली, तर दिसू द्यावी. लोक नावे ठेवतील, पण थर शाबूत राहील.