उत्साह टिकतो तो व्यवस्थेने

(श्रमदानासाठी रोहिणखेड येथे एकत्र आलेल्या कार्यकर्त्यांसमोर झालेले भाषण)



रोहिणखेड हे वऱ्हाडातील बालाघाटाच्या पायथ्याशी वसलेले गाव. खानदेशातून पठारावर चढणारी वाट याच बाजूने जात असल्याने इ. स. १४३७ आणि १५९० साली येथे मोठ्या लढाया झाल्या. सैन्ये आली आणि गेली. डोंगर आहे तेथेच उभा आहे. या डोंगरावर आजची लढाई कुदळ-फावड्याची आहे. उतारावरून धावत निघून जाणाऱ्या पाण्याला थांबविण्याची आहे.

अशा कार्याचा पहिला दिवस सोपा असतो. नारळ फुटतो, जयघोष होतो, छायाचित्रे निघतात. दहाव्या दिवशी हाताला फोड आलेले असतात आणि हजेरी निम्म्यावर येते. विसाव्या दिवशी मूठभर माणसे उरतात व न येणाऱ्यांना नावे ठेवू लागतात. कार्य मोडते ते येथे. त्याचे खापर निष्ठेच्या अभावावर फोडले जाते. परंतु बहुधा उणीव निष्ठेची नसते, व्यवस्थेची असते.

उदाहरण दूरचे नको. २०१८ साली पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा ८ एप्रिल ते २२ मे अशी ४५ दिवस, राज्यातील ७५ तालुक्यांत झाली. तीत आपल्याच मोताळा तालुक्यातील सिंदखेड या गावाने राज्यात संयुक्तपणे दुसरा क्रमांक मिळविला. ऐन उन्हाळ्यातले ४५ दिवस एकट्या आवेशावर निभत नाहीत.

व्यवस्थेचे पहिले सूत्र म्हणजे रोजचे माप. सलग समतल चर साधारणपणे ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल खणतात. अशा एक मीटर चरात एका वेळी १८० लिटर पाणी मावते, आणि तो खणताना सुमारे तीन क्विंटल मुरूम-माती उचलावी लागते. डोंगराकडे पाहिले की छाती दडपते. चुन्याने आखलेल्या आपल्या दोन मीटरांकडे पाहिले की हात चालू लागतात. पन्नास जणांचे दोन-दोन मीटर म्हणजे अठरा हजार लिटरांची सोय. हा हिशेब रोज सायंकाळी चावडीच्या फळ्यावर लिहिला गेला पाहिजे.

दुसरे सूत्र शरीराचे. कोरड्या उन्हात घाम अंगावरच वाळतो, त्यामुळे शरीरातील पाणी किती घटले हे कळत नाही. उन्हाचा ताण अनेकदा आधी चिडचिडीतून प्रकट होतो. म्हणून चरावर भांडण जुंपले, तर उपदेशापूर्वी सावली आणि पाणी द्यावे. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे मिश्रण अनेक भाषणांपेक्षा अधिक ऐक्य साधते. काम पहाटे सुरू व्हावे आणि ऊन चढण्यापूर्वी थांबावे. भर दुपारी राबणे हे शौर्य नव्हे, अविचार होय.

तिसरे सूत्र याच विदर्भाच्या भूमीने दिले. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी जन्मलेले गाडगे महाराज गावात येत, आधी हाती खराटा घेऊन गाव झाडीत आणि रात्री कीर्तन करीत. आधी श्रम, मग शब्द. जो प्रमुख सर्वांच्या आधी डोंगर चढतो, त्याला हाका माराव्या लागत नाहीत. शिवाय दिवसभराच्या कष्टानंतरची भजनाची किंवा हास्यविनोदाची एक घटका दुसऱ्या दिवसाची हजेरी राखते.

चौथे सूत्र कृतज्ञतेचे. रायगडाचे बांधकाम करणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचे नाव जगदीश्वराच्या मंदिराच्या पायरीवर कोरलेले आहे, शिखरावर नव्हे. परंतु ते कोरले गेले, हे महत्त्वाचे. खणणाऱ्याचे नाव सर्वांच्या ध्यानी येते. पाण्याची कळशी घेऊन चढ चढणारी आजी, आखणीची दोरी धरणारा शाळकरी मुलगा, घरची भाकरी बांधून पाठविणारी माउली यांची नावेही फळ्यावर आली पाहिजेत. ज्याची दखल घेतली जाते, तो दुसऱ्या दिवशी परततो.

खरी परीक्षा तर त्यानंतर आहे. चरांत गाळ साचतो. तो न काढल्यास काही वर्षांत डोंगर पुन्हा पूर्ववत होतो. स्पर्धा संपते, बक्षिसे वाटली जातात, गाळ मात्र दरवर्षी येतो. तेव्हा ना नारळ असतो, ना छायाचित्रकार. त्या दिवशी दहा माणसे फावडे घेऊन वर गेली, तरच ते कार्य गावाचे झाले असे म्हणावे.

त्यासाठी एकच करावे. मे महिन्याच्या अखेरीस रोहिणी नक्षत्र लागेल, मागोमाग मृग येईल. पहिला दमदार पाऊस थांबताच साऱ्या गावाने डोंगरावर जावे आणि प्रत्येकाने आपण खणलेल्या दोन मीटरांपाशी उभे राहावे. तेथे साचलेले गढूळ पाणी ज्याने एकदा डोळ्यांनी पाहिले, त्याला पुढच्या वर्षी बोलावणे धाडावे लागणार नाही.