सासूला आत्याबाई का म्हणायचं?

आज एक साधा प्रश्न घेऊन आलो आहोत. सासूला आपण आत्या किंवा आत्याबाई म्हणतो, सासऱ्यांना मामा नाहीतर मामंजी. का बरं? ती काही आपल्या बापाची बहीण नसते.

याचं उत्तर आपल्या लग्नांमध्ये आहे. आपल्याकडे बऱ्याच जातींत मुलाला मामाची मुलगी करतात. तेच मुलीच्या बाजूनं पाहा. तिला आतेभावाला दिलेली असते, म्हणजे तिची सासू खरोखरच तिची आत्या, आणि आत्याचा नवरा तो मामा. पुढं तसं लग्न नाही झालं तरी हाक तशीच राहिली. उलट मुलाला आत्याची मुलगी करायची म्हटली तर कितीतरी घरांत नको म्हणतात. उत्तरेकडं बहुतेक हिंदू घरांत मामाची मुलगीही चालत नाही आणि आत्याचीही नाही. दक्षिणेत अनेक जातींत दोन्ही चालतात. आपण मधले.

हे आम्हाला कुठून कळलं? मानववंशशास्त्राच्या अभ्यासातून. नाव जड आहे, पण माणसं कशी राहतात, कुणाला काय म्हणतात, काय पेरतात, कुठल्या देवाला कधी जातात, हे त्यांच्यात बसून, विचारून, नीट लिहून ठेवणं, एवढा त्याचा मोठा भाग आहे. लग्नाच्या रीतींतला उत्तर-दक्षिण फरक सविस्तर मांडला तो इरावती कर्वे यांनी. त्यांचा जन्म १९०५ सालचा, ब्रह्मदेशातला. तिथल्या इरावती नदीवरून नाव ठेवलं. शिकायला थेट बर्लिनला गेल्या, १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होत्या. महर्षी कर्वे त्यांचे सासरे. ‘युगान्त’ हे पुस्तक तुमच्यातल्या काहींनी वाचलं असेल, ते त्यांचंच. कोयना धरणात ज्यांची गावं गेली, त्या लोकांची पाहणीही त्यांनी केली होती. आमच्या मते त्यांचं खरं काम गावोगाव फिरून नाती विचारण्याचं, आणि त्यासाठी लागणारं निम्मं भांडवल आपल्यापाशी आधीच आहे. कुणाची लेक कुठं दिली, कुणाची चुलती कुठली, हे बायकांना जेवढं पाठ असतं तेवढं कुठल्या दप्तरात नसतं.

आता शिकायचं कसं ते सांगतो, कारण मागच्या महिन्यात तीन गटांतून तोच प्रश्न आला होता. आपल्या नाशकात गंगापूर धरणाजवळ यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, १९८९ पासून. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचं ब्रीद. शाळा मध्येच सुटलेल्या कितीतरी बायका तिथून बी.ए. झाल्या. समाजशास्त्र घेऊन मराठीत पदवी केली की पाया तयार होतो. पुढं मानववंशशास्त्राचं एम.ए. दिल्लीच्या इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठातून, म्हणजे इग्नूतून, घरबसल्या करता येतं. कोणत्याही शाखेची पदवी चालते, कमीत कमी दोन वर्षं लागतात. पुस्तकं ‘ई-ज्ञानकोश’वर फुकट आहेत, मोबाइलवर उघडतात. प्रवेशाच्या तारखा आणि नियम बदलत असतात, तेव्हा ऐकीव माहितीवर जाऊ नका, अभ्यासकेंद्रावर विचारा.

अडचणही सांगायला हवी. हे एम.ए. इंग्रजीत आहे. आमच्यात प्रवेश एकीचाच आहे, अभ्यास पाचजणींचा. ती धडा वाचते, आम्ही तिला प्रश्न विचारून भंडावतो, मग एकेक पान मराठीत उतरतं. कांदा काढणीत आणि द्राक्षाच्या छाटणीत सगळं बंद पडतं. ‘याचं पुढं काय होणार, नोकरी लागणार का?’ असं घरचे विचारतात. नोकरी लगेच लागत नाही. नुसत्या नोकरीसाठी करायचं असेल तर हा विषय घेऊ नका, असंच आम्ही सांगू.

मग आम्ही का करतो? त्याचं कारण वंशावळ.

या अभ्यासात वंशावळ काढायला शिकवतात. पुरुषासाठी त्रिकोण, बाईसाठी गोल, लग्नासाठी बरोबरचं चिन्ह, मेलेल्या माणसावर तिरकी रेघ. आपल्याला सवय असलेली वंशावळ वेगळी असते. त्र्यंबकेश्वरला उपाध्यायांच्या घरी नामावळीच्या वह्या आहेत. कुठल्या गावचं कोण कधी आलं, बाप कोण, आजा कोण, पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेलं. मोठा ठेवा आहे तो. पण तिथली रेघ बापाकडून मुलाकडं जाते. तलाठ्याकडं द्यायच्या वंशावळीतही बहिणींची नावं गाळायचा प्रयत्न आपण सगळ्यांनी पाहिला आहे. त्रिकोण-गोलाच्या कागदावर तसं करता येत नाही. गोल काढला नाही तर पुढची पोरं लोंबकळत राहतात.

आम्ही आमच्याच पाच घरांची वंशावळ काढायला बसलो. बापाकडच्या पाच-सहा पिढ्या भराभर सांगता आल्या. पणजीचं माहेर विचारलं तर पाचांतल्या तीन घरांत कुणाला सांगता येईना. काही गोलांत तर नावच नाही. लग्नात सासरी नाव बदललं, आधीचं तिच्याबरोबर गेलं.

हा काही नुसता हौसेचा कागद नाही. सुरगाणा, पेठ, त्र्यंबक, इगतपुरी, दिंडोरीकडच्या मैत्रिणींना वनहक्काचे दावे माहीत आहेत. मार्च २०१८ मध्ये नाशकातून मुंबईला जो पायी मोर्चा गेला, त्यात ही मोठी मागणी होती. २००६ च्या कायद्याप्रमाणे १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून आदिवासींचा ताबा दाखवावा लागतो. इतरांना तर तीन पिढ्यांची, म्हणजे ७५ वर्षांची वस्ती दाखवावी लागते. आणि पुरावा म्हणून काय चालतं? नियमांच्या यादीत जुनी कागदपत्रं आहेत तशीच वंशावळ आहे, आणि गावातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेलं लिहून घेतलेलं निवेदनही आहे. म्हणजे म्हातारीचं बोलणं पुराव्यात धरतात. फक्त ती असेतोवर कुणीतरी नीट लिहून घ्यायला हवं. नवरा-बायको असतील तर पट्टा दोघांच्या नावे द्यायचा, हेही त्याच कायद्यात आहे. वनहक्क समितीत निदान एक तृतीयांश बायका असाव्यात असाही नियम आहे. तुमच्या समितीत किती आहेत आणि त्या बैठकीला बसतात का, पाहा.

लिहून घेतानाची एक गोष्ट राहिली. वंशावळ काढताना झाकलेलंही वर येतं. एका घरातल्या आजीनं सांगितलं की तिचा हा पाट आहे, पहिलं लग्न वेगळ्या गावी झालं होतं आणि तिथं एक लेक राहिली. सांगून झाल्यावर म्हणाली, “हे तुमच्या कागदात घालू नका, नातवांना ठाऊक नाही.” परगावचा अभ्यासक असता तर लिहून घेऊन गेला असता, आजीला कधी भेटलाही नसता. आम्हाला तिच्याच ओट्यावरून रोज जायचं आहे. आमच्यात दोन दिवस वाद झाला. एकीचं म्हणणं, गोल काढला नाही तर त्या लेकीचं नाव आपणच पुसल्यासारखं होईल. शेवटी ठरलं ते असं. परीक्षेसाठी जाणाऱ्या कागदावर सगळ्यांची नावं काढून आकडे घातले आणि आजीचं ते लग्न त्यावर नाही. वेगळ्या कागदावर आहे, आणि तो कागद आजीच्या ट्रंकेत आहे. नातवंडांना कधी सांगायचं ते तिनं ठरवायचं.

येत्या रविवारी कोरा कागद घ्या आणि घरातल्या सगळ्यात जुन्या बाईजवळ बसा. पहिला गोल तिच्या आईचा काढा. नाव विचारा, माहेर विचारा, आणि माहेरी तिला काय नावानं हाक मारायचे तेही विचारा.