हातांना साक्षर करणारा आश्रम



शालान्त परीक्षेचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत गुणवंतांची छायाचित्रे झळकतात. पेढे वाटले जातात, सत्कार होतात. ते योग्यच आहे. पण त्याच दिवशी खेडोपाडी काही घरांवर वेगळीच अवकळा पसरलेली असते. गणितात किंवा इंग्रजीत नापास झालेला मुलगा गोठ्याच्या बाजूने घराबाहेर पडतो. वडील बोलत नाहीत; आई ताट वाढते, पण नजरेला नजर देत नाही. कदाचित याच मुलाने महिन्यापूर्वी विहिरीवरची बंद पडलेली मोटार खोलून दुरुस्त केलेली असते. त्या ज्ञानासाठी गुणपत्रिकेत रकाना नाही. शाळेच्या लेखी तो 'ढ', आणि समाजाच्या लेखी वाया गेलेला. अशा मुलाचे काय करायचे, या प्रश्नावर परिसंवाद पुष्कळ झाले आहेत. एका माणसाने त्यासाठी आपल्या आयुष्याची उत्तरे वीस वर्षे वेचली. पुणे जिल्ह्यातील पाबळ या गावी त्याने जे उभे केले, त्याचाच परिचय येथे करून द्यावयाचा आहे.

पाबळ हे शिरूर तालुक्यातील गाव. इतिहासप्रेमींना ते मस्तानीची कबर असलेले गाव म्हणून ठाऊक असते. गावकऱ्यांना मात्र ते दुष्काळी टापूतील, पावसाकडे डोळे लावून बसणारे गाव म्हणूनच अधिक परिचित. १९८३ साली डॉ. श्रीनाथ शेषगिरी कलबाग येथे आले. वयाची पन्नाशी उलटलेली, अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाची अन्नतंत्रज्ञानातील डॉक्टरेट, म्हैसूरच्या केंद्रीय अन्नतंत्रज्ञान संशोधन संस्थेतील अनुभव आणि नंतर मुंबईत हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन केंद्रातील वरिष्ठ पद. अशा माणसाने निवृत्तीच्या वयापूर्वीच नोकरी सोडली आणि पत्नी मीराताईंसह माळरानावर संसार थाटला. पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेच्या छत्राखाली 'विज्ञान आश्रम' सुरू झाला. नावात आश्रम असला, तरी तेथे जपमाळ नव्हती. वेल्डिंगच्या ठिणग्या होत्या, कोंबड्यांची खुराडी होती, रोपवाटिका होती आणि माती तपासण्याच्या परीक्षानळ्या होत्या.

कलबागांचे निदान सरळ होते. शेतकऱ्याचे, सुताराचे, कुंभाराचे मूल शाळेत येण्यापूर्वी घरी काम करता करताच शिकत असते. हात चालतात, चुका होतात, चुकीतून डोके चालू लागते. शाळा त्याला बाकावर बसविते, हात बांधते आणि केवळ कानांनी शिकावयास सांगते. ज्याला ते साधते तो पुढे जातो. ज्याला साधत नाही, त्याला बुद्धी नाही असे ठरते. वास्तविक बुद्धी असते. तिचा दरवाजा तेवढा वेगळा असतो. तेव्हा हाताच्या कामातूनच विज्ञानाकडे जावे, असा हा विचार.

हा विचार अगदी नवा नव्हता. १९३७ साली वर्धा येथील परिषदेत महात्मा गांधींनी नयी तालीम मांडली होती. त्याही आधी, स्वदेशीच्या धामधुमीत, अंताजी दामोदर काळे या शिक्षकाने माणशी एक पैसा जमवून पैसा फंड उभा केला आणि १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना सुरू झाला. लोकमान्यांचा त्याला आशीर्वाद होता. देशाला उद्योग हवा असेल तर आधी कारागीर घडविला पाहिजे, ही जाण त्या पिढीला होती. पुढे स्वराज्य आले आणि ही जाण आपण कोठे ठेवली ते आपल्याच लक्षात राहिले नाही.

पाबळचे वैशिष्ट्य असे, की येथे विचार व्याख्यानात अडकून पडला नाही. ग्रामीण तंत्रज्ञानाचा एक वर्षाचा निवासी पदविका अभ्यासक्रम आखण्यात आला. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची त्याला मान्यता मिळाली. प्रवेशाला आठवी उत्तीर्ण एवढे पुरते. चार विभाग: अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य. विद्यार्थी एकच धंदा शिकत नाही; चारही विभागांतून जातो. शहरी मनाला हे विचित्र वाटते. एक ना धड, असे कोणी म्हणेलही. पण खेड्यातील वास्तव ध्यानात घ्यावे. तेथे केवळ वेल्डिंगवर वर्षभर पोट भरत नाही. हंगामात अवजारे दुरुस्त करायची, उन्हाळ्यात बांधकाम घ्यायचे, एरवी कोंबड्या पाळायच्या, कोणाच्या घराचे वायरिंग करून द्यायचे. असे चार धागे एकत्र वळले की दोर होतो. खेड्याला तज्ज्ञ कमी लागतात, हरहुन्नरी माणूस अधिक लागतो.

शिकविण्याची रीत पाहण्यासारखी आहे. बांधकामाचा काटकोन घ्या. गवंडी दोरीवर तीन, चार आणि पाच हातांच्या खुणा करून त्रिकोण ताणतो आणि कोपरा बिनचूक काटकोनात येतो. शुल्बसूत्रांत बौधायनाने आयताच्या कर्णाविषयी जो सिद्धांत सांगितला, तोच येथे मातीत उतरलेला असतो. नववीच्या वर्गात फळ्यावर ज्याने हा सिद्धांत पाठ केला आणि परीक्षेनंतर विसरला, त्याच्यापेक्षा दोरी ताणणाऱ्या मुलाला तो अधिक कळलेला असतो. मग ओळंबा आला की गुरुत्वाकर्षण येते. सिमेंटचा हिशेब आला की घनफळ येते. प्रत्येक कामाचे रेखाचित्र काढायचे, खर्चाचा हिशेब मांडायचा, केलेल्या कामाची नोंद ठेवायची. 'गणित कच्चे' असा शिक्का घेऊन आलेला मुलगा स्वतः बनविलेल्या टेबलाची किंमत ठरवू लागतो, तेव्हा गणित त्याला सोडून जात नाही.

आणखी एक गोष्ट. काम खोटे नसते. सरावासाठी जोडायचे आणि भंगारात टाकायचे, असे येथे सहसा नाही. गावाची खरी गरज, खरे गिऱ्हाईक, खरा दाम. भूगर्भातील पाण्याचा शोध हे याचे उत्तम उदाहरण. जमिनीत ठरावीक अंतरावर चार सळया ठोकायच्या, बाहेरच्या दोहोंतून वीजप्रवाह सोडायचा आणि आतल्या दोहोंमधील विद्युतदाब मोजायचा. त्यावरून खालच्या थरांचा विद्युतरोध काढता येतो. सळयांमधील अंतर वाढवीत नेले की अधिक खोलवरचा अंदाज मिळतो. ओलावा धरणारा थर आणि कोरडा कातळ यांत फरक करता येतो. शाळेत जो ओहमचा नियम रुक्ष सूत्र म्हणून येतो, तो येथे शेतकऱ्याच्या बोअरवेलच्या खर्चाशी जोडलेला असतो. हिशेब चुकला तर कोणाचे तरी कर्जाचे पैसे खडकात जाणार. एवढी जबाबदारी खांद्यावर आली की पोर आपोआप गंभीर होते.

घुमटाकार घरे ही पाबळची दुसरी ओळख. लोखंडी पट्ट्यांचे त्रिकोण जोडून घुमट उभा करायचा, त्यावर जाळी आणि सिमेंटचा थर द्यायचा. खांब नाहीत, तुळया नाहीत. त्रिकोण सहजी वाकत नाही, या एकाच भौमितिक सत्यावर सगळा डोलारा उभा. सुटे भाग हलके असल्याने चार मुले मिळून तो उभारू शकतात.

आणि ज्यांना असे वाटते की हे सारे 'गावठी' तंत्रज्ञान आहे, त्यांनी पुढील गोष्ट लक्षात ठेवावी. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेचे प्राध्यापक नील गर्शनफेल्ड यांनी 'फॅब लॅब' ही कल्पना मांडली. संगणकाच्या साह्याने कोणीही हवी ती वस्तू बनवू शकेल, अशी ती कार्यशाळा. त्या संस्थेच्या बाहेरील पहिल्या फॅब लॅबपैकी एक २००२ साली उघडली ती या पाबळमध्ये. दुधाची प्रत तपासणे, इंजिनाची जुळणी करणे असे प्रश्न तेथे हाताळले गेले. कारण प्रश्न गावाचे होते. हे पाहून कलबागांना समाधान लाभले असावे. पुढच्याच वर्षी, २००३ साली, त्यांचे निधन झाले. काम थांबले नाही. संस्थापकाबरोबर संस्था संपण्याचा आपल्याकडील शिरस्ता पाहता, ही गोष्ट सामान्य नव्हे.

आश्रमाने हीच पद्धत माध्यमिक शाळांतही नेली. आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्यातून एक दिवस हाताने काम करायचे आणि शिकविणारा शक्यतो गावातलाच उद्योजक असावा, अशी ती योजना. राज्याच्या माध्यमिक मंडळाने हा विषय परीक्षेसाठी स्वीकारला. तरीही ज्या वेगाने तो पसरायला हवा होता, त्या वेगाने पसरला नाही. दोष केवळ शासनाचा म्हणून मोकळे होता येणार नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने बाराव्या पंचवार्षिक योजनेतील अंदाज उद्धृत केला आहे: १९ ते २४ वयोगटातील भारतीय कामगारांपैकी औपचारिक व्यावसायिक शिक्षण घेतलेले पाच टक्क्यांहूनही कमी, जर्मनीत हेच प्रमाण ७५ टक्के, दक्षिण कोरियात ९६. धोरणाचा आग्रह स्पष्ट आहे. पण मुलीसाठी स्थळ पाहताना महिना आठ हजारांचा कारकून आणि स्वतःची कार्यशाळा चालविणारा फॅब्रिकेटर यांत कोणाला पसंती मिळते, हे प्रत्येक घराने स्वतःला विचारावे. व्यासपीठावरून श्रमप्रतिष्ठेचा गौरव करणारे कितीजण आपल्या नातवाला पाबळला पाठवतील? बहुधा 'गरिबांच्या मुलांसाठी उत्तम उपक्रम' असे म्हणून ते देणगीची पावती फाडतील.

आश्रमाला देणगी नको आहे असे नाही. पण त्याहून अधिक त्याला विद्यार्थी हवे असतात, आणि ते केवळ नापास झालेलेच असावेत, अशी तेथे अट नाही.