सेवा घरची, दप्तर चारचौघांचे

(मानपूर येथे मराठी कुटुंबांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आपल्यापुढे एकच ठराव आहे. अंथरुणाला खिळलेले, स्मृतिभ्रंश झालेले किंवा मनाने आजारी असलेले माणूस घरात सांभाळणाऱ्या मानपूर-महू भागातल्या कुटुंबांसाठी एक संस्था काढावी, असा तो ठराव आहे. संस्थेला कोणाचा विरोध असेल असे मला वाटत नाही. वाद होईल तो कार्यकारिणीवरून, आणि तो आजच झालेला बरा. सात नावांची एक यादी सभेआधीच फिरते आहे. यादीतली सर्व माणसे आदरणीय आहेत. पण रात्री दोनदा उठून कोणाची तरी कूस बदलणारे असे त्यात एकही नाव नाही. म्हणून मी ठरावाला दुरुस्ती सुचवायला उभा आहे.

'काळजीवाहू' म्हटले की आपल्याला निवडणुकीआधीचे काळजीवाहू सरकार आठवते. ते सरकार दोन-चार महिन्यांत जाते. घरातला काळजीवाहू मात्र दहा-दहा वर्षे राजीनामा देऊ शकत नाही. पुण्या-ठाण्याकडे अशा माणसाला 'शुभंकर' आणि आजारी माणसाला 'शुभार्थी' म्हणतात. शब्द चांगले आहेत. आपल्याकडे तिला सून म्हणतात, बायको म्हणतात, नाहीतर लग्न न झालेली मुलगी म्हणतात, आणि तिने करायलाच पाहिजे असे धरून चालतात. मुलगे पुण्याला, बंगळूरला किंवा अमेरिकेला. तपासणीसाठी महू ओलांडून इंदूर गाठायचे, आणि परत आल्यावर स्वयंपाक आहेच.

अशा माणसांची संस्था कशी उभी राहते, याचे मराठी उदाहरण आपल्यापुढे आहे. डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडात कॅलगरीच्या विद्यापीठात प्राध्यापक होते. त्यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. त्यांनी १९९७ साली पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन स्थापन केली. २००४ साली आलेल्या 'देवराई' चित्रपटामागेही त्यांचीच खटपट होती. पुढे या संस्थेची धुरा अनेक वर्षे अमृत बक्षी यांनी वाहिली, आणि तेही स्वतः शुभंकर. यातल्या दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. पहिली, ज्याच्या घरात आजार होता तोच कारभारात होता. दुसरी, संस्थापक कॅनडात आणि काम पुण्यात. अशी संस्था एका माणसाच्या खिशातल्या डायरीवर चालूच शकत नाही. तिला ठराव, हिशोब आणि जबाबदाऱ्यांची वाटणी लागते. आज डॉ. वाणी नाहीत, पण त्यांनी लावलेले काम राहिले.

आता कायद्याकडे पाहू. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्यात राज्याच्या प्राधिकरणावर काळजीवाहूंचे दोन प्रतिनिधी घ्यावेत, असे लिहिले आहे. जिल्ह्यासाठी जे पुनर्विलोकन मंडळ सांगितले आहे, त्यात अध्यक्षासह सहा जण. त्यांपैकी दोन जागा रुग्ण, काळजीवाहू किंवा त्यांच्या संस्थांच्या प्रतिनिधींसाठी आहेत. म्हणजे दिल्लीच्या संसदेला जे पटले, ते आपल्या सात जणांच्या यादीला अजून पटलेले नाही! आणि त्या जागांवर जाणार कोण? सरकार नाव मागेल तेव्हा ज्या संस्थेची नोंदणी चोख, सभांची इतिवृत्ते लिहिलेली आणि हिशोब तपासलेले, तिचेच नाव पुढे करता येईल. बाकीच्यांनी निवेदने देत बसावे. हे राजकारणच आहे, आणि आपल्या वार्तापत्रात ते यावे असे मला वाटते.

कोणी म्हणेल, सेवेच्या कामाला एवढे कागद कशाला? आपण चांगले लोक, आपला कारभार घरचा. त्यांना मी आपल्याच इंदूरची गोष्ट सांगतो. होळकरांच्या राज्यात दौलतीचा खजिना वेगळा आणि खासगी वेगळी. देवी अहिल्याबाईंनी देशभर घाट, मंदिरे आणि धर्मशाळा उभारल्या त्या खासगीतून. दानासाठी दौलतीला हात लावायचा नाही, ही त्यांची शिस्त. त्या मिळकतींसाठी १९६२ साली खासगी ट्रस्ट झाला. पुढे मिळकतींच्या विक्रीवरून वाद उभा राहिला, तो २०२० साली उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाच्या निकालापर्यंत आणि तिथून सर्वोच्च न्यायालयात गेला. २१ जुलै २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हा सार्वजनिक न्यास आहे, मध्य प्रदेशच्या १९५१ च्या कायद्याखाली त्याची नोंदणी झाली पाहिजे आणि झालेल्या विक्रीव्यवहारांची चौकशी निबंधकाने करावी. कोण चूक, कोण बरोबर हे ठरवायला मी उभा नाही. मला एवढेच दिसते की देवी अहिल्याबाईंच्या नावाच्या ट्रस्टलाही नोंदणी आणि चौकशी चुकली नाही. मग आपली काय कथा?

आपल्याला लागू पडतो तो मध्य प्रदेश सोसायटी नोंदणी कायदा, १९७३. संस्था काढायला किमान सात जण लागतात. नंतर दरवर्षी कलम २७ प्रमाणे कार्यकारिणीची यादी आणि कलम २८ प्रमाणे हिशोब निबंधकाकडे द्यायचे. सात सह्या एका संध्याकाळी होतात. यादी आणि हिशोब मात्र वर्षानुवर्षे द्यावे लागतात, आणि संस्था ढेपाळतात त्या तिथेच.

मी बँकेत खिडकीवर बसणारा माणूस. संस्थांची खाती रोज पाहतो. एका सहीवर चालणारे खाते त्या सहीचा माणूस गेला की अडते. नवीन सही लावायला ठराव लागतो, ठरावाला सभा लागते, आणि सभेला इतिवृत्ताची वही लागते. वही कोणाच्या तरी माळ्यावर असते. तोवर इकडे ऑक्सिजनच्या यंत्राचे भाडे थकते. दोन वर्षे व्यवहार झाला नाही तर खाते निष्क्रिय होते. दहा वर्षे कोणी विचारले नाही तर २०१४ च्या योजनेप्रमाणे रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीत वर्ग होते. मागणी केली तर परत मिळते, पण मागायला कायदेशीर कार्यकारिणी जागेवर पाहिजे ना! आपल्या आजीने औषधाच्या डब्यातून काढून दिलेल्या शंभराच्या नोटेची अशी वाट लागू नये.

म्हणून माझी दुरुस्ती पाच कलमांची आहे.

एक. सातांपैकी चार जागा सध्या घरी कोणाला सांभाळणाऱ्यांच्या, आणि त्यांत निदान दोन स्त्रिया. उरलेल्या तीन जागांवर हिशोब, कायदा आणि दवाखाना जाणणारी माणसे घ्या.

दोन. सभेची वेळ काळजीवाहूच्या सोयीची. सभा असेल त्या दोन तासांत तिच्या घरी बसायला माणूस आधी ठरवायचा, मग विषयपत्रिका काढायची. हे जमले नाही तर पहिले कलम भिंतीवर लावायच्या फोटोपुरतेच उरेल.

तीन. मुदत तीन वर्षे, आणि सलग दोन मुदतींपेक्षा जास्त नाही. घरात राजीनामा देता येत नाही, निदान इथे तरी थकलेल्याला सन्मानाने उतरता आले पाहिजे. प्रत्येक पदाला एक हाताखालचा माणूस तयार ठेवायचा.

चार. खात्यावर दोन सह्या, आणि त्या एका घरातल्या नकोत. पासबुक प्रत्येक सभेत टेबलावर. ज्याच्या भाच्याची रुग्णवाहिका किंवा ज्याच्या दुकानातला पलंग घ्यायचा असेल, त्याने तेवढा विषय संपेपर्यंत बाहेर बसायचे, आणि तो बाहेर बसला हे वहीत लिहायचे.

पाच. कोणाच्या घरचे दुखणे सभेत कळले तर ते सभेतच राहील. लोक मदत मागायला येत नाहीत ते पैशापायी नव्हे, बोभाट्यापायी.

याला दोन आक्षेप मला आधीच ऐकवले गेले. पहिला असा, की जी बाई दिवसभर राबते तिच्यावर कार्यकारिणीचे ओझे कशाला? प्रश्न दयेपोटी विचारला आहे, तरी उत्तर तिला देऊ द्या. तिला महिन्यातून दोन तास घराबाहेर पडून चार माणसांत मत द्यायला मिळाले, तर ते ओझे की विसावा, हे आपण ठरवणारे कोण? शिवाय पलंग आधी लागतो की रात्रीची बदली आधी लागते, हे तिच्याइतके कोणाला माहीत आहे?

दुसरा आक्षेप, मोठी नावे नसतील तर देणग्या कशा येतील? मोठ्या नावांना आपण सल्लागार करू, त्यांचे मार्गदर्शन घेऊ, पत्रकावर त्यांची नावे छापू. पण मत देण्याची खुर्ची त्यांची नको. आणि देणगीदाराचे म्हणाल, तर पहिल्या वर्षी तो नाव पाहून देतो. दुसऱ्या वर्षी त्याच्या हातात तपासलेला हिशोब पडला तरच पुन्हा देतो.

पेशव्यांच्या आणि होळकरांच्या काळापासून माळव्यात आलेल्या आपल्या घराण्यांपैकी कितीतरी दप्तर सांभाळण्यासाठीच आलेली. हिशोब आपल्या हाडात आहे असे आपण अभिमानाने म्हणतो. तो अभिमान खरा करायची ही जागा आहे.

तेव्हा माझी विनंती अशी, की फिरणारी यादी आज मंजूर करू नये. पंधरा दिवस घ्यावेत, घरोघर जाऊन कोण कोणाला सांभाळते याची नोंद करावी, आणि त्या घरांतून चार नावे आणावीत. आज ती मंडळी इथे नाहीत, कारण त्यांना घर सोडता येत नाही. त्यांच्या गैरहजेरीत त्यांची संस्था ठरू नये.

दुरुस्ती मी मांडली. अनुमोदन कोणी देईल अशी आशा करतो आणि आपली रजा घेतो.